बंद खाणींचे पाणी

खाणीच्या पाण्यावर बोलतो असे आम्ही या व्याख्यानमालेच्या चालकांना कळवले, तेव्हा त्यांचे उलट टपाली उत्तर आले की विषय जरा कोरडा वाटतो. पाण्याचा विषय कोरडा कसा, हे आम्हांला समजले नाही. पण त्यांचे म्हणणे आम्ही ओळखले. कामगार चळवळीतला माणूस म्हणजे पगार, बोनस, टाळेबंदी यांवर बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. त्या विषयांवर आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहोत आणि उद्याही बोलू. आज मात्र, खाण बंद झाल्यावर, कामगार घरी गेल्यावर, मालकाने कुलूप लावल्यावर जे एक काम चालूच राहते, त्याविषयी बोलायचे आहे. ते काम पाणी करते.

आम्ही रसायनशास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कामगार न्यायालयाच्या ओसरीत आणि संघटनेच्या कचेरीतल्या बाकावर, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा जाणकारांनी आमच्या चुका जरूर दाखवाव्यात. पण विषय आम्ही का हाती घेतला तेवढे ऐकून घ्यावे.

विदर्भात मँगनीजची एक लहान खाण होती. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती बंद पडली. आमच्या संघटनेने ग्रॅच्युइटी आणि छाटणीची भरपाई यांसाठी कंबर कसली, आणि तीन वर्षांनी का होईना, बहुतेकांना पैसे मिळवून दिले. खाणीचे पंप ज्या दिवशी उपसून भंगारवाल्याच्या ट्रकवर चढले, त्या दिवशी आम्ही फाटकावर होतो. बावीस वर्षे त्या पंपावर काम केलेला एक म्हातारा खलाशी आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, आमच्या पैशाचं तुमी पाहून घ्यान. पन ह्या पान्याचं कोन पाहीन?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. एकवीस कलमांचे मागणीपत्रक आम्ही दिले होते. त्यात पाणी हा शब्दच नव्हता. नाही म्हणायला एका कलमात होता, पण तो पिण्याच्या पाण्याच्या माठाबद्दल.

त्या खाणीचा खड्डा दोन पावसाळ्यांत काठोकाठ भरला. सुदैवाने त्या भागातील मँगनीजच्या खडकात गंधक फारसे नाही. पाणी आंबले नाही, गुरे ते पितात, उन्हाळ्यात दोन शेतकरी त्यावर भाजीपाला काढतात. हा गावाच्या नशिबाचा भाग झाला, आमच्या दूरदृष्टीचा नव्हे. खडक वेगळा असता तर काय झाले असते, हे शोधण्यासाठी आम्ही वाचू लागलो, आणि वाचता वाचता इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलपर्यंत जाऊन पोचलो. अर्थात पुस्तकांतून आणि अहवालांतून; प्रत्यक्ष तिकडे जाण्याचा योग आला नाही.

कॉर्नवॉलकडे वळण्यापूर्वी आंबण्याची ही क्रिया समजून घेऊ. तांबे, जस्त, शिसे, कथील या धातूंच्या शिरांबरोबर खडकात पुष्कळदा लोह आणि गंधक यांचे एक पिवळे चकचकीत खनिज सापडते. त्याला पायराइट म्हणतात. नवख्या माणसाला ते सोनेच वाटते. आपल्या रसवैद्यांनी ज्यांना माक्षिक म्हटले ती याच कुळातली खनिजे. जमिनीच्या पोटात, हवेपासून दूर, पायराइट लक्षावधी वर्षे निमूट पडून असते. खाण खोदली की त्याला दोन गोष्टी एकदम मिळतात, प्राणवायू आणि ओल. मग ते गंजू लागते. लोखंड गंजते तेव्हा नुसता गंज होतो. पायराइट गंजते तेव्हा गंजाबरोबर गंधकाम्लही तयार होते. हे आम्ल शेजारच्या खडकातील जस्त, तांबे, कॅडमियम, सोमल यांना विरघळवून पाण्यात घेऊन येते.

येथे एक अदृश्य मजूर कामाला लागतो. १९४७ साली कोल्मर आणि हिंकल या दोन अमेरिकन संशोधकांनी कोळशाच्या खाणीतील आम्लपाण्यात एक जिवाणू शोधला. हा प्राणी लोहाच्या गंजण्यावरच जगतो. तेच त्याचे अन्न. आम्ल जितके तीव्र तितका तो खुशीत. पुढे १९७० साली सिंगर आणि स्टुम यांनी दाखवले की या जिवाणूमुळे त्या क्रियेतील सर्वांत मंद टप्प्याचा वेग दहा लाख पटींच्या घरात वाढतो. पाळी नाही, सुट्टी नाही, रविवार नाही. असा कामगार मिळावा म्हणून आमच्या ओळखीचे कित्येक मालक नवस बोलले असते.

आता कोणी विचारील की खाण चालू असतानाही हवा आणि ओल असतेच, मग बंद झाल्यावरच गोंधळ का? चालू खाणीत पंप रात्रंदिवस पाणी उपसत असतात, त्यामुळे पाण्याची पातळी खाली असते. वरच्या बोगद्यांच्या भिंती ओलसर पण उघड्या राहतात, आणि त्यांच्यावर गंधक व धातू यांच्या क्षारांचे पांढरे, हिरवे, पिवळे थर साचत जातात. आमच्या घरांच्या जुन्या भिंतींना लोणा लागतो, तसेच हे. पन्नास-शंभर वर्षांचा हा लोणा तेथे वाळत पडलेला असतो. पंप थांबले की पाणी एकेक मजला चढू लागते आणि तो सगळा विरघळवून घेते. शेवटी पाणी एखाद्या निचऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडते, तेव्हा त्याचा पहिला लोंढा सर्वांत विषारी असतो. न्यूकॅसल विद्यापीठाचे प्राध्यापक पॉल यंगर यांनी अनेक खाणींच्या नोंदी तपासून एक ढोबळ ठोकताळा काढला. खाण भरायला जितका काळ लागला, त्याच्या सुमारे चौपट काळ या पहिल्या लोंढ्याचा जोर ओसरायला लागतो. दोन वर्षांत भरली तर आठ वर्षे. त्यानंतर पाणी निवळते असे मात्र नाही. पाण्याची पातळी जेथे वर-खाली होते, त्या पट्ट्यात नवे आम्ल तयार होतच राहते, आणि ते किती काळ याचा हिशेब शतकांत करावा लागतो. कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन नावाच्या खाणीत तर अशा तीव्र आम्लाचे थेंब सापडले की पीएचचा आकडा शून्याच्याही खाली, उणे ३.६ पर्यंत गेला. आणि तेथील आम्लाचा झरा असाच सोडला तर सुमारे तीन हजार वर्षे पुरेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आता कॉर्नवॉल. त्या भागात कथील आणि तांबे यांच्या खाणी शेकडो वर्षांच्या. आपला त्यांच्याशी एक जुना संबंधही आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या इंग्रज कंपनीने चालवल्या, तेव्हा त्या कंपनीने कॉर्नवॉलचे खाणकामगार मुकादम आणि देखरेखे म्हणून तेथे आणले. कोलारची खाण २००१ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाली, पंप थांबले, आणि जगातल्या अतिशय खोल खाणींपैकी एक असलेली ती खाण पाण्याने भरत गेली. मायभूमीतल्या खाणींची गत त्याच्या दहा वर्षे आधीच झाली होती.

ट्रूरो शहराजवळ व्हील जेन नावाची कथलाची खाण होती. कॉर्नवॉलच्या बोलीत 'व्हील' म्हणजे काम चालते ती जागा, खाण. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी जगाच्या कथलाचे भाव सावरून धरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कथील मंडळाचे पैसे संपले. लंडनच्या धातुबाजारात कथलाचा व्यवहार थांबला, आणि नंतर भाव असे कोसळले की कॉर्नवॉलच्या खाणी एकामागून एक आचके देऊ लागल्या. व्हील जेन १९९१ च्या प्रारंभीपर्यंत कशीबशी चालली, मग बंद झाली. पंप थांबले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पाणी वर येऊन बाहेर पडू लागले. चुना मिसळून ते पाणी खाणीच्या जुन्या गाळबंधाऱ्यात सोडण्याची तात्पुरती व्यवस्था झाली. पण जानेवारीच्या आरंभी वादळी हवामानात ती थांबवावी लागली. आत पाणी तुंबत गेले, आणि १३ जानेवारी १९९२ रोजी नॅंजाइल्स नावाच्या बोगद्याच्या तोंडी बसवलेला बूच फुटला.

सुमारे पाच कोटी लिटर पाणी कार्नन नदीत उतरले. आंबटपणात ते चिंचेच्या कोळाच्या पंगतीला बसणारे होते, आणि त्यात लोह, जस्त, कॅडमियम, सोमल असा सगळा लवाजमा. नदी नारिंगी झाली, तिच्या मुखाशी रेस्ट्रॉंगेट खाडी नारिंगी झाली, आणि तो रंग पुढे फाल नदीच्या मोठ्या खाडीत पसरत गेला. वर्तमानपत्रांतील छायाचित्रे पाहून सारा देश हळहळला. त्याआधी दोन शतके त्याच नदीत खाणींचे पाणी मुकाट्याने येतच होते, त्याची हळहळ कोणाला नव्हती. कारण ते थोडे थोडे येत होते. त्या खाडीच्या चिखलात राहणाऱ्या किड्यांनी पिढ्यान् पिढ्या तांबे सोसून सोसून ते पचवण्याची ताकद कमावली होती, हे १९७१ सालीच संशोधकांनी नोंदले होते. कीटकांनी जमवून घेतले, माशांना जमले नाही.

या प्रकरणात आम्हांला सर्वांत जास्त बोचली ती कायद्याची बाब. ज्या वर्षी खाण बंद झाली, त्याच वर्षीच्या, म्हणजे १९९१ च्या ब्रिटिश जलसंपत्ती कायद्यात स्पष्ट तरतूद होती की सोडून दिलेल्या खाणीतून दूषित पाणी 'वाहू देणे' हा गुन्हा नाही. खाण चालू असताना एक बादली घाण पाणी ओढ्यात सोडले तर खटला. खाण सोडून द्या, कोट्यवधी लिटर सोडा, खटला नाही. मालकाला याहून सोपा हिशेब कोणता? १९९५ साली कायदा बदलला. खाण सोडण्यापूर्वी निदान सहा महिने आधी सूचना देणे बंधनकारक झाले आणि ही माफीही काढून घेण्यात आली. पण कोणासाठी? ३१ डिसेंबर १९९९ नंतर सोडल्या जाणाऱ्या खाणींसाठी! त्याआधी सोडलेल्या सगळ्या खाणींचे पाणी सरकारच्या, म्हणजे करदात्याच्या गळ्यात. इंग्लंडमध्ये सुमारे दीड हजार किलोमीटर लांबीच्या नद्या जुन्या धातुखाणींमुळे दूषित आहेत. त्यांची लांबी २०३८ अखेर निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट तेथील सरकारने कायद्यानेच घालून घेतले आहे. नफा कोणत्या शतकात कोणी वाटून घेतला आणि बिल कोणत्या शतकात कोणाकडे आले, हे ज्याचे त्याने पाहावे.

असो. पाणी स्वच्छ कसे करतात, तिकडे वळू.

पहिली रीत सरळ आहे, आणि आपल्या आजीलाही पटेल अशी. आंबट पाण्यात चुना घालायचा. आम्ल मरते, पाणी अल्कधर्मी होते, आणि विरघळलेले धातू फुटलेल्या दुधासारखे गोठून खाली बसतात. व्हील जेन येथे असा कायमचा कारखाना २००० साली सुरू झाला. सेकंदाला शेकडो लिटर पाणी त्यातून जाते. चुना कालवायचा, हवा खेळवायची, खाली बसलेल्या गाळाचा काही भाग पुन्हा येणाऱ्या पाण्यात फिरवायचा, म्हणजे गाळ घट्ट होतो आणि जागा कमी व्यापतो. अशी ती पद्धत. काम चोख होते. पण ते थांबवता येत नाही. चुना भट्टीत भाजावा लागतो, त्यात इंधन जळते आणि खुद्द चुनखडीतूनही कर्बवायू सुटतो, वीज लागते, माणसे लागतात, आणि रोज जो गाळ तयार होतो तो खाणीच्या जुन्या गाळबंधाऱ्यात टाकावा लागतो. त्या गाळात सोमल असल्यामुळे तो रंगासाठी किंवा अन्य कामासाठी सहज विकताही येत नाही. बंधारा एक दिवस भरणार, पाणी मात्र येतच राहणार. शिवाय त्याच कार्नन नदीला 'ग्रेट काउंटी अ‍ॅडिट' नावाचा दुसरा एक प्रचंड निचरा-बोगदा मिळतो. १७४८ साली तो खणायला घेतला, आणि त्याच्या शाखा साठांहून अधिक खाणींना जोडल्या गेल्या. त्याचे पाणी या कारखान्यात येत नाही. म्हणजे एका दारी एवढा खटाटोप, आणि शेजारचे दार उघडे.

दुसरी रीत माणसाने शोधली नाही, ती त्याने पाहिली. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया या कोळशाच्या मुलखांत काही अभ्यासकांच्या ध्यानात आले की खाणीचे गढूळ पाणी शेवाळाच्या दलदलीतून गेले की पलीकडे बरेच निवळून बाहेर पडते. मग त्यांनी कृत्रिम दलदली बांधून पाहिल्या. उथळ तळी करायची, पाणकणीस लावायचे, पाणी हळूहळू सोडायचे. हवेशी संबंध आला की लोह गंजून खाली बसते, झाडांच्या बुडख्यांत अडकते. पंप नको, चुना नको, रात्रपाळी नको. अमेरिकेच्या खाण खात्यातील हेडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली याचे माप बसवून दिले. कायद्याच्या मर्यादेत पाणी आणायचे तर दर चौरस मीटर तळ्यात दिवसाला सुमारे १० ग्रॅम लोह बसेल असे धरावे.

हे माप हाती आले तेव्हा आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. समजा एखाद्या खाणीतून सेकंदाला २० लिटर पाणी येते आणि लिटरमागे ५० मिलिग्रॅम लोह आहे. म्हणजे सेकंदाला एक ग्रॅम लोह, दिवसाचे ८६ किलो ४०० ग्रॅम. भागिले दहा ग्रॅम. तळे झाले ८,६४० चौरस मीटरचे. दोन एकर पाच गुंठे. ठीक आहे, खाणीच्या आवारात एवढी पडीक जमीन निघते. आता पाणी दहापट, सेकंदाला २०० लिटर धरा. एकवीस एकरांवर गेलो. ही जमीन डोंगराच्या अरुंद घळीत कोठून आणायची आणि कोणाची घ्यायची? व्हील जेन येथेही १९९४ पासून अशा तळ्यांचा प्रायोगिक प्रकल्प चालवून पाहिला गेला. त्यातून शिकायला पुष्कळ मिळाले. पण एवढ्या प्रचंड आणि एवढ्या आंबट प्रवाहाला लागणारी जागा त्या खोऱ्यात नव्हती, म्हणून शेवटी चुन्याचाच कारखाना उभा राहिला.

आणि दुसरी अडचण त्याहून मूलभूत. लोह हवेने बसते, जस्त बसत नाही. कोळशाच्या खाणीच्या पाण्यात मुख्य दोष लोहाचा. धातूच्या खाणीच्या पाण्यात जस्त आणि कॅडमियम यांचा. लोहाचे पाणी नारिंगी दिसते, ते स्वतःच आपली चहाडी करते. जस्ताचे पाणी काचेसारखे नितळ असू शकते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत जस्त चालवून घेतले आहे. ट्राउट माशांच्या पिलांना त्याचा दहावा हिस्साही सोसत नाही. म्हणून पाण्याचे रंगरूप पाहून ओढा निर्मळ आहे असे म्हणणारा माणूस दिसला की आम्ही विचारतो, त्यात मासा आहे का?

या जस्तावरचा तोडगा आम्हांला फार आवडला. इंग्लंडच्या उत्तरेस कंब्रिया परगण्यात, डोंगरात, फोर्स क्रॅग नावाची शिसे, जस्त आणि बराइट यांची खाण होती. तीही १९९१ सालीच सोडून दिली गेली. तिचे पाणी कोलडेल ओढ्यातून पुढे बॅसेनथ्वेट सरोवरात जाते. तेथे २०१४ साली दोन तळी सुरू झाली. वरून पाहिले तर साधी तळी. पण त्यांच्या तळाशी कंपोस्ट खत, लाकडाच्या ढलप्या आणि थोडा वाळवलेला मैल्याचा गाळ यांचा जाड थर आहे. पाणी वरून येते, या थरातून काही तास झिरपत खाली उतरते, आणि तळाच्या नळ्यांतून एका लहान दलदलीत जाऊन मग ओढ्याला मिळते. पंप नाही, डोंगराचा उतारच पाणी वाहून आणतो.

थरात काय घडते? तेथे प्राणवायू नाही. कुजणारे खत खाऊन जगणारे दुसऱ्या जातीचे जिवाणू तेथे राहतात. त्यांना श्वासाला प्राणवायू हवा असतो, तो ते पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षारांतून काढून घेतात. क्षारातला प्राणवायू गेला की मोकळे झालेले गंधक जस्ताला, कॅडमियमला, शिशाला चिकटते आणि त्यांचे न विरघळणारे खनिज पुन्हा तयार होते, डोंगराच्या पोटात मुळात होते तसेच. म्हणजे खाणीत जे उसवले ते या तळ्यात पुन्हा शिवले जाते. उसवणाराही जिवाणू, शिवणाराही जिवाणू. फरक इतकाच की एकाला हवा हवी आणि दुसऱ्याला नको. पहिल्या काही वर्षांत या तळ्यांनी पाण्यातील ९५ टक्क्यांहून अधिक जस्त अडवले. वर्षाकाठी एक टनापर्यंत धातू त्या ओढ्यात जायचे थांबतात, असा तेथील अधिकाऱ्यांचा हिशेब आहे.

हे ऐकून कोणी टाळ्या वाजवण्यापूर्वी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फोर्स क्रॅगचा प्रवाह लहान, तळी सेकंदाला सहा लिटर पाण्यासाठी बांधलेली, आणि पाणी फारसे आंबट नाही. असली तळी सुरुवातीला खताचा गढूळ, करपट अर्क सोडतात; कुजक्या अंड्याचा वास सुटतो; थंडीत जिवाणू मंदावतात; थर दाबला जाऊन पाणी तुंबू लागते. खत संपत जाते. दहा वर्षे धरा, थोडे इकडेतिकडे, पण एक दिवस तो थर उपसावा लागतो. आणि उपसलेले ते खत साधे खत राहत नाही. त्यात जस्त, शिसे, कॅडमियम बसलेले असते. उघड्यावर टाकले तर हवा लागून तेच धातू पुन्हा सुटे होतील. म्हणजे ते कोठे न्यायचे, कोणी न्यायचे आणि त्याचे पैसे कोणी बाजूला ठेवायचे, हे तळे खणण्याआधी ठरले पाहिजे. 'टिकाऊ' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. देखभालीवाचून चालणारी कोणतीही रीत आमच्या वाचनात आली नाही. चुन्याच्या कारखान्याला रोज माणूस लागतो, तळ्याला महिन्यातून काही वेळा लागतो, एवढाच फरक. प्रवाह मोठा आणि जहाल असेल तर चुना. लहान आणि सौम्य असेल व जागा असेल तर तळे. आणि दोन्हींच्या आधी, जमिनीवरचे चांगले पाणी खाणीच्या भेगांत उतरू न देणे. डोंगरावरचा ओढा चर खणून खाणीच्या तोंडापासून वळवला तर तेवढे पाणी नासतच नाही. हे काम फावड्याचे आहे, पण अहवालांत ते शेवटच्या पानावर असते.

आणि ते चर कोठे खणायचे हे कोणाला माहीत असते? नकाशा पाहणाऱ्याला थोडे, आणि खाली काम केलेल्याला पुष्कळ. जुना बोगदा कोठे फुटला होता, कोणत्या भिंतीमागे पाणी आहे, पावसाळ्यात कोणती पातळी आधी ओली होते, हे ज्ञान कागदावर पुरतेपणी कधीच येत नाही. सोडलेल्या खाणीचे नकाशे सादर करण्याची तरतूद आपल्याकडे १९६१ च्या धातुखाण विनियमांत आली. पण खाण बंद होताना पहिली छाटणी पंपवाल्यांची आणि सर्वेक्षकाच्या हाताखालच्या माणसांची होते, असा आमचा अनुभव आहे. नकाशा राहतो, वाचणारा जातो.

आपल्या शेजारी गोंदियाच्या पुढे, बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडची तांब्याची खाण आहे. १९८२ पासून तेथे मोठा उघडा खड्डा खणला गेला, आता जमिनीखालूनही काम सुरू आहे. तेथील खडकात गंधक आहे, आणि टाकाऊ दगडांच्या ढिगांतून आम्लपाणी झिरपते याच्या नोंदी आपल्याच संशोधकांनी केल्या आहेत. आज ती खाण चालू आहे म्हणून तेथे चुना आहे, माणसे आहेत, पगारपत्रक आहे. आमचा प्रश्न आजचा नाही, ती खाण संपेल त्या दिवसाचा आहे. आपल्या खनिज संवर्धन व विकास नियमांत, २०१७, खाणमालकाने बंद करण्याची योजना आखावी आणि काही रक्कम हमी म्हणून ठेवावी असे आहे. चांगले आहे. पण ती रक्कम हेक्टरवर मोजली जाते. किती जमीन उकरली, त्यावर हमी. पाणी किती येणार, ते आंबणार की नाही, किती वर्षे येणार, यांवर नव्हे. ज्या खाणीचा खडक निरुपद्रवी आहे तिला जो दर, तोच आम्ल गाळणाऱ्या खाणीला. झाडे लावून ढीग हिरवा दिसला की हमी मोकळी झाली, आणि ढिगाखालून झिरपणारे पाणी त्यानंतर कोणाच्याही खात्यावर नाही, असे होऊ शकते.

यंदाच्या मागणीपत्रकात आम्ही बाविसावे कलम घातले. खाण बंद करण्याच्या योजनेत पाण्याचा स्वतंत्र हिशेब असावा. बंद होण्याआधी निदान दोन वर्षे पाण्याच्या पातळीची आणि आंबटपणाची नोंद ठेवून ती ग्रामपंचायतीत लावावी. आणि बंद झाल्यावर देखभालीसाठी जी माणसे लागतील, ती त्याच खाणीतील पंप खलाशांमधून घ्यावीत. व्यवस्थापनाचे लेखी उत्तर आले की हे कलम सेवाशर्तींच्या कक्षेत येत नाही, सबब त्यावर चर्चा करता येत नाही. आमच्या काही सहकाऱ्यांचे मत पडले की बाकीची एकवीस कलमे अडू नयेत म्हणून हे तूर्त मागे घ्यावे. आम्ही त्यांना म्हटले, तो म्हातारा खलाशी अजून हयात आहे. मागे घ्यायचे असेल तर त्याला तुम्ही जाऊन सांगा. अजून कोणी गेलेले नाही. कलम पत्रकात आहे, आणि पुढची बैठक पावसाळ्याच्या तोंडाशी आहे.